पंधराचं पान

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी गवत कापायच्या मशीनचा क्लच खोलून हातात घेतला, तरी मशीनची पाती फिरायची थांबली नाहीत. इंजिन बंद होतं. पट्टा मी आधीच उतरवून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला होता. पात्यांना फिरवेल असं काहीही उरलं नव्हतं आणि पाती फिरत होती, आधीपेक्षा जोरात.

मशीनवर माझे दाजी बसले होते. निवृत्ती शेलार, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साखर कारखान्याच्या वसाहतीचं आठ एकराचं मैदान राखायचं काम त्यांच्याकडे होतं. मी त्याच कारखान्यात फिटर. मैदानावर पाहुण्यांचं हेलिकॉप्टर उतरतं म्हणून कारखान्यानं हे मशीन घेतलं होतं. लाल रंगाचं, ट्रॅक्टरच्या पिल्लासारखं, वर बसून चालवायचं. पोटाखाली दोन पाती. सीटच्या उजव्या हाताला एक पिवळं बटण. ते वर ओढलं की पाती फिरतात, खाली दाबलं की थांबतात. सोमवारी दाजींनी बटण दाबलं आणि पाती थांबली नाहीत, म्हणून त्यांनी मशीन माझ्याकडे, मैदानाच्या कडेच्या शेडमध्ये आणलं.

क्लच म्हणजे लहान कुकरच्या झाकणाएवढी वस्तू, पण वजन पाच किलो. त्याच्यात दोन चकत्या समोरासमोर असतात. करंट दिला की त्या चिकटतात आणि पाती फिरवतात. करंट काढला की सुटतात आणि मागचा ब्रेक पात्यांना धरतो. सुटलेल्या असताना दोन्ही चकत्यांच्या मध्ये पंधरा थाऊची फट ठेवावी लागते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; पंधरा थाऊ म्हणजे जाडसर पोस्टकार्ड जाईल एवढी. ती तीन नटांनी बसवतात आणि फिलर गेजच्या पातळ पोलादी पानानं तपासतात. पंधराचं पान अडत अडत सरकलं पाहिजे. फट कमी पडली तर पाती कधीच थांबत नाहीत.

"उतरा दाजी," मी म्हणालो.

"उतरू कसा? पाती थांबल्याबिगर उतरायचं न्हाई, हे तुमीच सांगितलंय पावणं."

मी दहा वर्षांचा असताना आमची आई गेली आणि आक्कानं मला तिच्या सासरी नेलं. तेव्हापासून दाजी मला पावणंच म्हणतात.

त्यांनी दोन्ही हात टेकून उठायचा प्रयत्न केला. खांदे उठले. कमरेखालचं अंग उठलं नाही.

"बघा," ते म्हणाले.

मग मशीन आपणहून मागे सरकलं, शेडच्या बाहेर गेलं, वळलं आणि मैदानाच्या कडेला जाऊन कुंपणाला लागून चालायला लागलं. दाजींनी स्टिअरिंग धरलं होतं, पण ते वळवत नव्हते. मी क्लच हातात घेऊन दारात उभा राहिलो. मग मी तो टेबलावर ठेवला.

पहिला फेरा पूर्ण व्हायला दुपारचे तीन वाजले. मशीन जिथून निघालं होतं तिथे परत पोचलं आणि तेव्हा मैदान लहान झालं.

काही सरकलं नाही, आवाज झाला नाही. कुंपणाचे सिमेंटचे खांब आधी तिथे होते, आता इथे होते. मी पावलांनी मोजलं. बारा पावलं आत. कुंपणाच्या पलीकडचा डांबरी रस्ता, पाण्याची टाकी, वसाहतीच्या पिवळ्या चाळी, सगळं बारा पावलं जवळ आलं होतं. रस्त्यावरून एक माणूस सायकलवर गेला. त्यानं हात केला.

वसाहत अधिकारी खांबेटे साहेब संध्याकाळी कुंपणाशी आले. हातात फाईल, डोक्यावर टोपी.

"काम चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"साहेब, मैदान कमी झालंय."

त्यांनी फाईलमधून नकाशा काढला, उलगडला, मैदानाकडे पाहिलं, परत नकाशाकडे पाहिलं.

"नकाशात एवढंच आहे," ते म्हणाले. "रविवारी पाहुणे येणार. तोपर्यंत गवत एकसारखं हवं."

बुधवारी मी क्लच पूर्ण उलगडला. टेबलावर कापड पसरून एकेक भाग ओळीत मांडला. तांब्याची गुंडाळी असलेली बैठक. बाहेरची पुली. पुढची चकती. तीन स्प्रिंगा, तीन नट, मधला बोल्ट. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं खरखरलं. चकती एका बाजूनं निळी पडली होती, एका बाजूनं कोरी होती. म्हणजे तीनपैकी एक नट जास्त आवळलेला होता आणि चकत्या तिरक्या घासत होत्या.

तो नट मीच आवळला होता. गेल्या वर्षी याच टेबलावर. दोन नट मी पान घालून बसवले आणि तिसरा अंदाजानं आवळला, कारण आक्कानं घरी मटण केलं होतं आणि दोनदा निरोप आला होता. एक मिनिटाचं काम होतं. मी म्हटलं होतं, चालतंय.

त्या दिवशी तीन फेरे झाले. फेरा लहान होत होता तसा कमी वेळात संपत होता. आणि आत उरलेलं गवत वाढत होतं. मंगळवारी ते पावलाच्या वर नव्हतं. बुधवारी संध्याकाळी घोट्याच्या वर आलं. मशीन जिथे कापून जाई ती जागाच राहत नव्हती, म्हणून कापलेलं गवत असं कधी दिसलं नाही. दिसायचं ते फक्त वाढलेलं.

आक्का दोन्ही वेळा फाटकातून आत आली. माझी बहीण ठेंगणी आहे आणि भरभर चालते. तिनं भाकरीचे तुकडे करून मशीनबरोबर चालत चालत दाजींना भरवले. मधूनच पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"लागतंय का कुठं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"झोप?"

"हितंच बसून डुलकी लागती."

"सर्ज्या करतोय की नीट," ती म्हणाली. "त्याच्या हातात गुण हाय."

मी शेडच्या दारात उभा होतो. मला ते ऐकू आलं आणि मी आत गेलो.

गुरुवारी सकाळी मी स्टोअरमध्ये नवं बेअरिंग मागायला गेलो. स्टोअरकीपर जुनं बेअरिंग दाखवल्याशिवाय नवं देत नाहीत. जुनं अजून पुलीत अडकलेलं होतं. ते काढायला प्रेस, म्हणजे दाबून काढायचं यंत्र लागतं, आणि प्रेसच्या खोलीला बंद हंगामात कुलूप असतं. म्हणून मी परत शेडमध्ये आलो, पुली दोन लाकडांवर ठेवली आणि जुन्या सॉकेटवर हातोडा मारून बेअरिंग बाहेर काढलं. त्याला दोन तास लागले. बेअरिंग खिशात टाकून मी बाहेर पडलो, तेव्हा शेड मैदानाच्या मधोमध होती.

ती नेहमी कडेला असायची, रस्त्याला पाठ लावून. आता चारही बाजूंना कुंपण सारख्याच अंतरावर होतं. मशीन फाटकाच्या दिशेनं चाललं होतं आणि आक्का त्याच्याबरोबर डबा घेऊन चालत होती.

काय होणार ते मला दिसलं. मी पळालो.

"आक्का, बाहेर जा! फाटक जाणार!"

ती थांबली. फाटक तिच्यापासून चार हात होतं आणि उघडं होतं. तिनं फाटकाकडं पाहिलं, मशीनवर बसलेल्या दाजींच्या पाठीकडं पाहिलं.

"जा की," दाजी न वळता म्हणाले.

"आणि तुमी?"

"मी हाय हितं."

"मग मीबी हाय हितं," आक्का म्हणाली आणि डबा दुसऱ्या काखेला मारला.

मशीन फाटकासमोरून गेलं. फेरा पुरा झाला. फाटक होतं त्या जागी खांब होता, तार होती, पुन्हा खांब होता. मी तिथपर्यंत पोचलो नव्हतो. मी दोन्ही हातांनी तार धरली आणि हलवली. काटे हातात गेले.

दुपारी मी तारेवर गोणपाट टाकलं आणि वर चढलो. पलीकडे रस्ता होता, रस्त्याच्या कडेला एक कुत्रं झोपलं होतं. मी उडी मारली. पाय जमिनीला लागले तेव्हा समोर शेडची मागची भिंत होती आणि गवत माझ्या पोटऱ्यांना लागत होतं. वळून पाहिलं तर मी समोरच्या बाजूच्या कुंपणातून आत उतरलो होतो. गोणपाट इतक्या लांब दिसत होतं की वाऱ्यानं हलणारा एक ठिपका वाटत होता. मी तीनदा चढलो. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा आक्का समोरच उभी होती.

"बस कर," ती म्हणाली. "हातातनं रगत येतंय. तुला काम करायचंय त्या हातानं."

तिनं लुगड्याचा काठ फाडून माझे दोन्ही तळवे बांधले. लहानपणी बांधायची तसेच, अंगठा मोकळा ठेवून.

शुक्रवारी खांबेटे साहेब आले तेव्हा कुंपण शेडपासून हाक ऐकू येईल इतकं जवळ होतं. मी जुनं बेअरिंग तारेतून त्यांना दिलं आणि नवं आणायची विनंती केली. ते घेऊन ते गेले. मशीन दोनदा समोरून गेलं. ते परत आले, नव्या बेअरिंगची पुडी तारेतून सरकवली आणि रजिस्टर पुढं केलं.

"सही."

मी सही केली. बांधलेल्या हातानं ती माझी वाटत नव्हती.

"साहेब, आम्हाला बाहेर काढा. आक्का आत आहे."

"मशीन थांबलं की आपोआप निघाल," ते म्हणाले. "आणि पाहुण्यांची काळजी करू नका. आता लहान हेलिकॉप्टर येणार आहे."

ते वळून गेले. मी त्यांची पाठ टाकीच्या मागे जाईपर्यंत बघत राहिलो.

नवं बेअरिंग मी लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू चहूबाजूंनी ठोकत बसवलं. चकतीचा निळा भाग पॉलिश पेपरनं घासून सपाट केला. ब्रेकचं तोंड साफ केलं. सगळं जोडलं, स्प्रिंगा घातल्या, नट लावले आणि पान काढलं. पहिल्या नटापाशी पंधरा. दुसऱ्यापाशी पंधरा. तिसऱ्यापाशी पान घातलं, नट पाव आटा ढिला केला, पुन्हा घातलं. अडत अडत सरकलं. पंधरा. मी घाम पुसला.

बाहेर मशीननं फेरा पुरा केला. कुंपण आत आलं. उगाच खात्री करावी म्हणून मी पान परत घातलं, तर ते आत जाईना. दहाचं घातलं, तेही जाईना. पाचचं गेलं.

मी टेबलाला हात लावलेला नव्हता. नट हलले नव्हते, त्यांच्यावर मी खडूनं मारलेली खूण जागेवर होती. कुंपण जेवढं आत येत होतं तेवढीच आतली फट मिटत होती. मी परत पंधरावर आणली. पुढचा फेरा झाला, पुन्हा पाच.

म्हणजे एका फेऱ्याच्या आत क्लच जोडून, मशीनखाली जाऊन, इंजिनच्या शाफ्टवर चढवून बोल्ट आवळायला हवा होता. मंगळवारी एका फेऱ्याला पाच तास लागले होते. आता चहाच्या आधणाला उकळी येईल एवढ्या वेळात फेरा संपत होता.

संध्याकाळी मी शेडच्या दारात बसलो. मशीन समोरून जाई तेव्हा दाजींशी एखादं वाक्य बोलता यायचं, पुढचं पुढच्या फेऱ्याला.

"दाजी, तो नट माझ्याकडून चुकला. गेल्या वर्षी."

मशीन गेलं. वळलं. परत आलं.

"कुठला नट?"

"तिसरा. पान न घालता आवळला."

ते गेले. त्यांच्या टोपीखालचे केस, कल्ले, मिशी, सगळं एका उंचीचं झालेलं मला दिसलं. त्यांची वाक्यंही तशीच होत चालली होती, एका मापात कापल्यासारखी.

"मला म्हाईत हुतं," परत आल्यावर ते म्हणाले.

मी उठून मशीनच्या मागे चालायला लागलो. "माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"मटण गार हुत हुतं," ते म्हणाले आणि त्यांची मान परत समोर वळली.

शनिवारी वसाहतीच्या चाळी इतक्या जवळ आल्या की स्वयंपाकघरांतल्या भांड्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. एका खिडकीत टीव्ही चालू होता. खालच्या मजल्यावरची एक बाई तारेजवळ येऊन उभी राहिली.

"शेलारवैनी, विरजण हाय का हो?"

"न्हाई बाई," आक्का म्हणाली. "आमचं गॅस-बिस सगळं घरी हाय."

"बरं बरं." तिनं आक्काच्या कमरेपर्यंत आलेल्या गवताकडं एकदाही पाहिलं नाही.

"आवो, जरा माणसं बोलवता का?" आक्का म्हणाली. "आमाला निघता यीना."

"मालिका संपली की सांगते यांना," बाई म्हणाली आणि आत गेली.

आक्कानं तार सोडली. तिचा चेहरा मला प्रथमच म्हातारा दिसला. ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू, दाजींना ऐकू जाऊ नये अशी म्हणाली, "सर्ज्या, मला भ्या वाटतंय रं."

ती असं कधी म्हणाली नव्हती. आई गेली तेव्हा नाही, तिचं बाळ पोटात गेलं तेव्हाही नाही. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "खोरं कुठाय?"

रविवारी सकाळी मशीन शेडला लागलं. त्यानं शेडचा पहिला खांब कापला, मग पत्रा, मग दुसरा खांब. आवाज फक्त गवत कापल्याचा आला. फेरा पुरा झाला तेव्हा शेड नव्हती. टेबल माझ्या मांडीला लागून उभं होतं आणि त्याच्यावर जोडलेला क्लच होता. मैदान आमच्या घराच्या ओसरीएवढं उरलं होतं. मशीन आमच्याभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरत होतं आणि गवत छातीला आलं होतं.

रात्रभर डोक्यात हिशोब फिरत होता. फेऱ्याला दहा थाऊ जातात. मला खाली जाऊन बोल्ट आवळायला एक फेरा लागणार, म्हणजे आधीच पंचवीसची फट ठेवून जायचं. मी आवळेपर्यंत ती पंधरावर येईल. पंचवीसचं पान माझ्या गेजमध्ये नव्हतं. पंधराचं आणि दहाचं एकत्र धरून घातलं. पहिला नट. दुसरा. तिसरा. तिसऱ्याला मी तीनदा पाहिलं.

खड्डा मी कालच खणला होता, आज मशीनची वाट जिथून जाणार होती तिथं, माणूस उताणा मावेल एवढा. खोऱ्याच्या दांड्यानं हातावरची पट्टी पुन्हा लाल झाली होती.

"आक्का, तू त्या कोपऱ्यात उभी राहा. तारेला पाठ लावून. हलायचं नाही."

"आणि तू?"

"मी खाली जातोय."

"पाती?"

"पात्यांच्या मागं शाफ्ट आहे. पाती माझ्या डोक्यावरून पुढं जातील, मग शाफ्ट येईल."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग गवत बाजूला सारत कोपऱ्यात गेली.

मी खड्ड्यात उताणा झोपलो. क्लच छातीवर, बोल्ट दातात, पाना उजव्या हातात. वर आभाळाचा एक तुकडा दिसत होता आणि त्याच्या कडेनं गवताची टोकं. मशीनची धडधड आधी पाठीत जाणवली, मग कानात आली. आभाळ गेलं. पात्यांचा वारा तोंडावर आला, आणि मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर मला उघडता आले नसते. पातं नाकापासून वीतभर होतं. ते दिसत नव्हतं, नुसती एक राखाडी चकती दिसत होती आणि तिच्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं. केसांची टोकं गेली. कपाळ गार पडलं.

मग पाती पुढं गेली आणि शाफ्ट आला, आणि मशीन माझ्यावर थांबलं. आता ते जागच्या जागी वळत होतं. जागा एवढीच उरली होती की त्याचा फेरा म्हणजे स्वतःभोवती एक वळण. चाकं खड्ड्याच्या कडेवरून घसरत होती आणि माती माझ्या गळ्यात पडत होती. मी क्लच वर ढकलला. तो शाफ्टवर बसेना. पुन्हा ढकलला. खाच जुळली आणि तो सरसर वर गेला. बोल्ट दातातून काढला, लावला, आटे धरले. पाना चढवला. शाफ्ट फिरत होता आणि माझ्या हाताला ओढत होता. मी दोन्ही पाय खड्ड्याच्या भिंतीला लावून जोर दिला. वायरीचं टोक सापडलं, बसलं.

"दाजी! दाबा!"

त्यांनी पिवळं बटण दाबलं.

टक्.

पाती थांबली.

सहा दिवसांत पहिल्यांदा मला माझा श्वास ऐकू आला. वर दाजींच्या चपला फळीवर घासल्या. ते उठत होते. गुडघा कुरकुरला. मी हसलो असेन, कारण माती तोंडात गेली. मी मशीनच्या मागच्या बाजूनं सरपटत बाहेर आलो आणि उभा राहिलो.

गवत माझ्या खांद्यापर्यंत होतं. मी उभा राहीपर्यंत ते कानापर्यंत आलं.

वाढताना त्याचा आवाज येत होता, ओला कपडा पिळल्यासारखा. सहा दिवस पाती ते दाबून ठेवत होती. आता आठ एकराचं सगळं गवत त्या ओसरीएवढ्या जागेत वर येत होतं. काड्या बोटाएवढ्या जाड झाल्या, एकमेकांना चिकटल्या. दाजी एक पाय खाली टाकत होते, तो त्यांना टाकता आला नाही. गवतानं त्यांना मागे सीटवर ढकललं.

"आक्का!" मी ओरडलो.

"हितं हाय," तिचा आवाज कोपऱ्यातून आला.

मी कोपऱ्याकडे हात घातला. हात कोपरापर्यंत गेला आणि पुढे जाईना. कोपरा माझ्यापासून पाच पावलांवर होता.

"आक्का, हात पुढं कर!"

"केलाय. तू कुठायस?" या वेळी आवाज डावीकडून आला.

"तिथंच थांब! चालू नको!"

"मी हललेच न्हाई," ती म्हणाली, माझ्या पाठीमागून.

आभाळ हिरवं झालं आणि मग दिसेनासं झालं. काड्या माझ्या छातीवर दाबत होत्या. श्वास अर्धाच आत जात होता. मी मशीनच्या चाकाला धरून राहिलो, तेवढंच हाताला ओळखीचं होतं. वर, गवताच्या एका फटीतून, दाजींचा उजवा हात दिसत होता आणि चेहऱ्याचा काही भाग. हात पिवळ्या बटणावर होता.

"पावणं," ते म्हणाले. "दम कोंडतोय. वढू का?"

"थांबा! आक्का कुठाय ते कळू दे!"

"काय?" सहा दिवस त्या आवाजावर बसून त्यांचे कान गेले होते. "वढू?"

"आक्का," मी उरलेल्या श्वासानं म्हणालो, "नुसती बोल. काहीबी बोल. बोलत राहा."

ती बोलली. दाजींना भूक लागली असेल, असं काहीतरी म्हणाली. आवाज अगदी जवळून आला, थोडा घुमत, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मी मान वाकवायचा प्रयत्न केला. तो मशीनच्या खालून येत होता, जिथे पाती होती.

मी वर पाहिलं. दाजींनी बटण दोन बोटांत धरलं होतं. त्यांचा एक डोळा फटीतून माझ्याकडे लागला होता. ते उत्तराची वाट बघत होते.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडात गवत आलं.